पथ्याचं सोडून बोला

आपल्याकडे केस ज्याचे त्याचे असतात, पण केसगळती सार्वजनिक असते. गुडघे दुखतात म्हटलं तर लोक हळहळतात. केस गळतात म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या चौथ्या सीटवर, बँकेच्या रांगेत, कुठेही हे वाक्य उच्चारून बघा. दोन मिनिटांत तुम्हाला एक तेल, एक काढा आणि एका वैद्यांचा पत्ता मिळतो. पत्ता देणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा मोजता येतील इतकेच केस असतात, पण त्यानं सल्ल्याचं वजन कमी होत नाही. उलट ‘मी फार उशिरा गेलो हो त्यांच्याकडे’ असं तो म्हणतो आणि आपण घाबरून पत्ता लिहून घेतो.

निदान मात्र सगळ्यांचं एकच असतं: पाणी. पुण्यात नवीन आलेला बोअरच्या पाण्याला दोष देतो, मुंबईला गेलेला टँकरच्या, आणि गावी परतलेला नळाला क्लोरीन टाकतात म्हणून ग्रामपंचायतीला. पाण्यानंतर शाम्पू. ‘आमच्या आजीनं जन्मात शाम्पू लावला नाही, नुसती शिकेकाई. केस गुडघ्यापर्यंत होते.’ प्रत्येक मराठी घरात अशी एक आजी होऊन गेलेली असते. तिचे केस मरणोत्तर वाढतात. ती हयात असताना ते कमरेपर्यंत होते, वर्षश्राद्धापर्यंत मांड्यांवर आले आणि नातसुनेचा बॉबकट झाला त्या दिवशी गुडघ्याखाली गेले. घरात तिचा एकच फोटो असतो आणि त्यात डोक्यावरून पदर असतो, त्यामुळे कुणाला काही सिद्ध करता येत नाही.

आपला आयुर्वेदावर विश्वास आहे हे कुणीही मान्य करील. पण तो निम्माच आहे, आणि तो निम्मा म्हणजे लावायचा. जे चोपडता येतं, थापता येतं, नाकात सोडता येतं, ते आपण श्रद्धेनं करतो. जे सोडावं लागतं त्याचा विषय निघाला की आपल्याला एकदम विज्ञान आठवतं.

लावायच्या भागात पहिला मान तेलाचा. घरचं तेल करणं हे लोणचं घालण्याइतकंच गंभीर काम आहे. खोबरेल, ब्राह्मी, माका, आवळकाठी, मेथ्या, कढीपत्ता, वडाच्या पारंब्यांची कोवळी टोकं, काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली जटामांसी आणि नागरमोथा, शिवाय जास्वंदीची फुलं. माका ओढ्याकाठी फुकट उगवतो. चुरगळला की त्याच्या रसानं बोटं काळी पडतात. ज्यानं बोटं काळी झाली त्यानं केस का नाही होणार, या युक्तिवादाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

जास्वंदीचं प्रकरण जास्त नाजूक असतं. सोसायटीत जास्वंद एकच असते आणि तिच्यावर दोन पक्ष दावा सांगतात. पहाटे साडेपाचला फिरायला निघालेले काका पिशवी भरून कळ्या तोडतात त्या गणपतीसाठी. सहाला काकू उतरतात त्या तेलासाठी. मंगळवार असला की तंटा होतोच. ‘देवाला पाच फुलं पुरतात, तुम्हाला पन्नास कशाला हवीत?’ असं काका विचारतात. ‘देवाचे केस गळत नाहीत,’ असं काकू सांगतात. पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी झाडाखाली ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी लावायचा ठराव मांडतात आणि तो एकमतानं पास होतो, कारण मत देणारे सगळेच तोडणारे असतात.

शार्ङ्गधरसंहितेत तेल कसं सिद्ध करावं याचं प्रमाण दिलेलं आहे. वाटलेली औषधं 1 भाग, तेल 4 भाग आणि काढा किंवा रस 16 भाग. मंद आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत शिजवायचं. तेल झालं हे ओळखायच्या खुणाही आहेत: आतलं औषध बोटांत वळलं तर त्याची वात होते, ती वात विस्तवावर धरली तर तडतडत नाही, आणि तेलावर फेस येतो. तुपाचं याच्या उलट, तिथं फेस बसला की तूप झालं. मऊ, मध्यम आणि खर असे तेलाचे तीन पाक सांगितलेत. त्यांच्यापुढे गेलेला तो दग्ध, आणि तो निरुपयोगी. आपल्या घरी बहुतेक वेळा हा चौथाच होतो. कढई गॅसवर चढते, मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडतं आणि जाहिराती लागेपर्यंत पारंब्यांचा कोळसा झालेला असतो. मग ते काळंकुट्ट तेल गाळताना ‘बघ, किती अर्क उतरलाय’ म्हणतात आणि बाटली अमेरिकेतल्या लेकीसाठी निघते.

मुळात ग्रंथांना आपण समजतो तसं या विषयाचं वावडं नव्हतं. उलट त्यांनी फार बारकाईनं पाहिलं होतं. सुश्रुतांनी क्षुद्ररोग म्हणून 44 विकारांची यादी केली. त्यात तारुण्यपीटिका आहेत, वांग आहे, जागोजागी केस उडवणारी चाई आहे, कोंडा आहे, अकाली पिकणारे केस आहेत. क्षुद्र म्हणजे शरीराच्या दृष्टीनं. चाळीस माणसांच्या गेट-टुगेदरच्या आदल्या दिवशी नाकावर उठलेल्या फोडाला क्षुद्र म्हणायची आज कुणाची छाती नाही. केस पिकण्याचं कारण सुश्रुत देतात ते असं: क्रोध, शोक आणि श्रम यांनी शरीरातली उष्णता आणि पित्त डोक्यात चढतं आणि केस पिकवतं. ते वाचून आमचे एक स्नेही म्हणाले, ‘म्हणजे नोकरी.’ त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘मग माझे का पिकले?’ आणि त्यांनी क्रोध, शोक, श्रम हे तिन्ही शब्द त्याच क्रमानं नवऱ्याकडे बघत उच्चारले.

चरकांनी तर मिठालाच हात घातला. पिंपळी, क्षार आणि मीठ हे तीन पदार्थ फार खाऊ नयेत असं ते म्हणतात, आणि ज्यांना अति मिठाची सवय असते त्यांचे केस वेळेआधी जातात, वेळेआधी पिकतात आणि त्वचेला सुरकुत्या पडतात असंही सांगतात. ज्या समाजाच्या पानात डावी बाजू नावाचा एक प्रदेशच लोणचं, चटणी, पापड, कुरडई आणि तळलेली सांडगी मिरची यांना आंदण दिलेला आहे, त्याला हे सांगणं म्हणजे सरळ भांडण काढणं. म्हणून चरकांचं आवळ्याबद्दलचं प्रेम आपल्या तोंडपाठ आहे आणि मिठाबद्दलचं हे मत आपण त्यांच्या वयाकडे बघून सोडून देतो. आवळ्याचंही आपण मीठ लावून सुपारीत रूपांतर केलं, ही गोष्ट वेगळी.

सुश्रुतांच्याच ग्रंथात व्रण भरल्यावर त्या जागी केस पुन्हा यावेत म्हणून एक लेप आहे. हस्तिदंताची मषी, म्हणजे जाळून केलेली काळी राख, आणि त्यात रसांजन. हा लेप लावला तर तळहातावरसुद्धा केस येतात, असं तिथं म्हटलंय. आजच्या जाहिरातदारांनी हे वाचावं आणि लाजेनं मान खाली घालावी. एकशे आठ वनौषधी म्हणून ओरडणाऱ्या एकाही बाटलीला तळहातापर्यंत जायचं धाडस झालेलं नाही. (एकशे आठपैकी आठांची नावं विचारली तर विक्रेता माका, आवळा, ब्राह्मी इथपर्यंत येतो आणि ‘बाकी सिक्रेट आहे’ म्हणतो.) हस्तिदंताचा व्यापार आता कायद्यानं बंद आहे, त्यामुळे हा प्रयोग कुणी करू नये. आणि केलाच तर टाळी द्यायला पुढे येऊ नये.

आता वैद्यांकडे जाऊ. पहिली भेट रोग्याला कायम लक्षात राहते, कारण तो डोकं घेऊन गेलेला असतो आणि चर्चा पोटाची होते.

‘केस फार गळतात हो.’

‘बरं. पोट साफ होतं का?’

‘नाही, म्हणजे केस विंचरताना...’

‘होतं का?’

‘होतं.’

‘रोज? वेळेवर? चिकट असतं का? पाण्यात तरंगतं की बुडतं?’

शेजारी बायको बसलेली असते आणि आपल्या संसारात इतक्या वर्षांत न झालेला संवाद एका तिऱ्हाइताशी चाललेला ती मन लावून ऐकते. पुढे ‘त्यांना विचारू नका, मी सांगते’ म्हणून ती उत्तरं देऊ लागते. प्रश्न शास्त्राला धरूनच असतात. बुडणारा मल साम, म्हणजे अन्न नीट न पचल्याची खूण, असं मानतात. पण केसांची तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थाला त्या क्षणी शास्त्र नको असतं, त्याला उठून जायचं असतं. मग जीभ दाखवा. मग घाम किती येतो, झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात. मग नाडी. त्या मनगट धरलेल्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत माणूस आपल्या आयुष्यातली सगळी पापं आठवतो, कारण ती नाडीत कळतात अशी त्याची समजूत असते. शेवटी वैद्य म्हणतात, ‘पित्तप्रकृती आहे.’ आणि रोग्याचा चेहरा उजळतो. चरकांनी पित्तप्रकृतीच्या माणसाला लवकर सुरकुत्या, लवकर पांढरे केस, लवकर टक्कल असं सगळं लवकरच सांगून ठेवलंय. पण आपल्याकडे पित्त हा आजार नसून स्वभावाचा दाखला आहे. पुढचे आठ दिवस तो ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतो, ‘माझं पित्ताचं शरीर आहे, माझ्याशी वाद घालू नका.’

पुड्या मिळतात. सकाळची मधातून, दुपारची तुपातून, रात्रीची कोमट पाण्यातून. पुड्यांना आपली हरकत नसते. त्या तीनाच्या सहा केल्या तरी चालतात. कडू असल्या तर फारच उत्तम, जितकं कडू तितकं गुणकारी. नाकात अणुतेलाचे थेंब? चालतील. विरेचन? रजा टाकतो. वसंतात वमन? सकाळी उपाशीपोटी येऊन, पोटभर दूध नाहीतर उसाचा रस पिऊन, ओळखीच्या माणसांदेखत ओकायलासुद्धा पुण्यातली भली माणसं आधी नाव नोंदवून जातात. जळवा लावून घ्यायलाही लोक तयार असतात आणि वर त्याचा फोटो पाठवतात. एवढी सहनशक्ती असलेला हा समाज वैद्यांनी कागद उलटा करून ‘आता पथ्य’ असं म्हटलं की एकदम खचतो.

‘दूध आणि फळ एकत्र नाही.’

‘म्हणजे शिकरण?’

‘शिकरण नाही.’

इथं दवाखान्यात शांतता पसरते. वैद्य काही मनचं सांगत नसतात. दुधाबरोबर खाऊ नयेत अशा फळांची चरकांनी जी यादी दिली आहे तिच्यात केळंही आहे, आणि विरुद्ध अन्नाच्या परिणामांत त्वचेचे विकार स्पष्ट लिहिलेले आहेत. पण पाहुणा अचानक जेवायला थांबला, भाजी पुरत नाही, अशा वेळी ज्या एका पदार्थानं मराठी घराची अब्रू पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यालाच हे सांगणं! शिकरण गेलं म्हणजे फ्रूट सॅलड गेलं, मस्तानी गेली, सीताफळ बासुंदी गेली. दूध आणि मीठही एकत्र नाही, म्हणजे चहा-खारी गेली, चहाबरोबरचा चिवडा गेला. पितृपक्षातली खीर आणि वडे यांचाही हिशोब लावायला हवा, म्हणजे आपण पितरांनाही वर्षानुवर्षं काय काय पाठवलं ते कळेल. रात्रीचं दही नाही. आंबवलेलं कमी, म्हणजे इडली, ढोकळा, डोसा. तळलेलं कमी. दुपारची झोप नाही.

हे शेवटचं कलम पुणेकराला वैयक्तिक वाटतं.

मग वाटाघाटी सुरू होतात. ‘चहा एकदाच चालेल ना?’ ‘आलं घालून?’ ‘खारी चहात न बुडवता, नुसती?’ ‘शिकरणात वेलची घातली तर विरुद्ध राहतं का हो?’ ‘दुपारी झोपत नाही मी, नुसता पडतो.’ एका दवाखान्यात एका आजोबांनी शांतपणे विचारलं होतं, ‘पथ्य न पाळता किती टक्के गुण येईल तेवढं सांगा, मी तेवढ्यात समाधानी आहे.’ वैद्य हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न आधी ऐकलेला असावा. घरी आल्यावर पथ्याचा कागद फ्रिजला चुंबकानं लागतो आणि फ्रिज उघडताना तोच हाताला धरायला सोयीचा पडतो.

चेहऱ्याकडे वळलो तर तिथंही लावायचा उत्साह तेवढाच. तरुणपणी येणाऱ्या फोडांना सुश्रुतांनी सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीचं कोवळं खोड ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना ती पटेल, आणि ज्यांच्या घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना न पाहताही पटेल. यावर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप जुना आणि प्रसिद्ध. घरोघरी मात्र डाळीचं पीठ, हळद आणि साय. त्यात कुणी मसूर घालतं, कुणी संत्र्याची वाळवलेली साल, कुणी मुलतानी माती, आणि शेवटी ते इतकं खमंग होतं की ‘थोडी कोथिंबीर घातली असती तर थालीपीठ झालं असतं’ असं घरातला एक तरी पुरुष म्हणतो.

लेपाचे नियम कुणी वाचत नाही हे बरं आहे. शार्ङ्गधर म्हणतात लेप रात्री लावू नये आणि वाळल्यावर ठेवू नये. आपण तो रात्री लावतो, आणि तडे जाऊन चेहऱ्याचा दुष्काळग्रस्त तालुका होईपर्यंत ठेवतो, कारण ओढल्यासारखं वाटलं की ‘काम करतोय’ असं समजतात. वाग्भटांनी तर सहा ऋतूंचे सहा मुखलेप दिले आणि लेप तोंडावर असताना काय करू नये तेही लिहिलं: झोपू नये, बोलू नये, विस्तवाजवळ जाऊ नये, उन्हात बसू नये, शोक करू नये, रागावू नये. आता बघा. कामवाल्या मावशी आलेल्या नाहीत, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आहेत, दारात कुरिअरवाला ओटीपी मागतोय, आणि तोंडाला लेप लावलेली गृहिणी. बोलायचं नाही, शेगडीपाशी जायचं नाही, रागवायचं नाही. वाग्भटांना बहुधा संयुक्त कुटुंबात, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं जेवण मिळत असावं.

कुंकुमादी तेलाची सध्या चलती आहे. त्यात केशर असतं, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, चंदन, लाख अशी मोठी मंडळी असतात, आणि शेळीचं दूध असतं. केशरामुळे किमतीचा प्रश्न कुणी विचारत नाही. शेळीच्या दुधाचं मात्र नव्या पॅकिंगवर बारीक अक्षरात छापतात, कारण शेळी आणि लक्झरी हे दोन शब्द एका खोक्यावर मावत नाहीत.

हळदीचं महत्त्व आपल्याला सांगायला अमेरिकेला यावं लागलं. जखमेवर हळद लावली तर ती भरून येते, या शोधाचं पेटंट 1995 साली तिथल्या पेटंट कार्यालयानं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना देऊन टाकलं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर त्या वेळी सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेनं जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुराव्याला ठेवले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झालं. छापील पुरावाच लागतो म्हणून, नाहीतर गुडघा फुटलेल्या कुठल्याही नातवाला आणि हळदीचा डबा घेऊन मागे धावणाऱ्या त्याच्या आजीला वॉशिंग्टनला नेलं असतं तर निकाल त्याच दिवशी लागला असता. घरच्या मैदानावरही हळदीला कोर्टाची पायरी चढावी लागलीच. विको टर्मरिक हे औषध की सौंदर्यप्रसाधन, कारण दोन्हीवरचा कर वेगळा, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि तिथं ते आयुर्वेदिक औषध ठरलं. घरात हा खटला अजून चालू आहे. मुलगा तासभर आरशासमोर असला की ते प्रसाधन असतं, आणि वडील असले की औषध.

इथं थोडं गंभीर बोलतो, कारण लावायच्या उत्साहात एक वाक्य फार खपवलं जातं: ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही.’ ज्यानं हे म्हटलं त्याला बिब्बा दाखवावा. परटाच्या कपड्यांवरची खूण धुण्यांमागून धुणी टिकायची ती बिब्ब्याच्या रसाची. तो रस कातडीला लागला की फोड येतात, आणि कधी कधी ते फोड बघून डॉक्टरही चमकतात. आयुर्वेदात बिब्बा औषध आहे, पण शोधन केल्यावर, आणि जाणत्याच्या हातून. चाईवर चोळायला सांगितलेली गुंज तर विषारीच. ज्या शास्त्रानं वस्तू शुद्ध कशी करायची यावर पानंच्या पानं लिहिली, त्याला तिच्यात दोष असतो हे ठाऊक नव्हतं असं समजणं हा त्या शास्त्राचा अपमान आहे. गंमत अशी की, केसांसाठी आज जगभर वापरलं जाणारं मिनॉक्सिडिल हे आधी रक्तदाबाचं औषध. रोग्यांच्या अंगावर नको तिथं केस यायला लागले तेव्हा ते डोक्याकडे वळलं. म्हणजे ॲलोपॅथीच्या बाजूला जे यश मिळालं तेच मुळी साइड इफेक्टमुळे.

म्हणून कमरेवर गोल, खाजरा चट्टा उठला तर शेजारणीच्या डबीतलं मलम लावू नका. गजकर्णावर स्टेरॉइडचं मलम लावलं की ते दोन दिवस गप्प बसतं आणि मग हातपाय पसरतं. बिनलेबलच्या डबीवर झाडाचं चित्र आहे, एवढ्यानं आतला ऐवज झाडाचा ठरत नाही. पदवी असलेल्या वैद्यांना दाखवा नाहीतर त्वचारोगतज्ज्ञांना, पण दाखवा.

बाकी तेलांच्या यशाबद्दल बोलायचं तर त्यातलं बरंचसं श्रेय कॅलेंडरचं आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं हा त्यांचा नेहमीचा कारभार आहे. मोठा ताप, डेंगी, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालं की दोन-तीन महिन्यांनी एकदम मुठीनं केस जातात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो, म्हणून तो पाण्याला दोष देतो. पुढच्या काही महिन्यांत ते बहुतेकदा आपोआप परत येतात. या मधल्या काळात तो पहिलं तेल लावतो, गुण नाही. मावशीचं तेल लावतो, गुण नाही. सासूबाईंनी कोल्हापूरहून मागवलेलं लावतो, आणि नेमके त्याच महिन्यात केस यायला लागतात. मावशी आणि सासूबाई यांच्यात त्यानंतर जे काही होतं त्याचा आयुर्वेदाशी संबंध नाही. पिंपल्सचंही तसंच. बहुतेकांचे ते वयाबरोबर कमी होतात आणि मग त्या वर्षी जो लेप चालू असतो तो घराण्यात अजरामर होतो. चाईच्या लहान चट्ट्यावरही पुष्कळदा केस आपल्या आपण उगवतात आणि गुंज, कांदा, लसूण यांतलं त्या आठवड्यात जे चोळलेलं असेल ते गावभर गाजतं.

याचा अर्थ तेल लावू नये असा नाही. रविवारी सकाळी कुणीतरी डोक्याला तेल चोळून द्यावं, वर शिकेकाईनं न्हावं, आणि ओल्या केसांनी वरण-भात खाऊन पडावं, या सुखाला विरोध करणारा माणूस मला भेटलेला नाही. (पडावं म्हणतोय, झोपावं नाही. वैद्यांना कळवायची गरज नाही.) पण बाटली घेताना तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते त्या शास्त्राच्या कर्त्यांकडून समजून घ्यावं. वाग्भटांनी अष्टांगहृदयात टकलाचे आणि पिकण्याचे प्रकार सांगितले, उपाय सांगितले, आणि सरळ लिहिलं की तिन्ही दोष मिळून आलेलं टक्कल असाध्य आहे. इतकं स्वच्छ वाक्य मी आजवर कुठल्याही तेलाच्या बाटलीवर छापलेलं पाहिलेलं नाही.